उथळ पाण्यातले दिवस



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी तीनदा वाचले. लिहिणाऱ्या भगिनी बोर्डीजवळच्या एका गावात राहतात. त्यांच्या सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. पावसाळ्याच्या तोंडावर अंगणात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. त्यालाही आता अडीच महिने लोटले. पत्राच्या शेवटी दोन प्रश्न होते. पहिला : ‘डॉक्टर म्हणतात, प्रकृती ठीक आहे, मग आमच्या आई पूर्वीसारख्या कधी होतील?’ दुसरा : ‘आणि मी पूर्वीसारखी कधी होईन?’ हा दुसरा प्रश्न त्यांनी लिहून खोडला होता. परंतु खोडलेले वाचता येत होते.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधताना मला त्यांच्याच किनाऱ्यावरची एक शुश्रूषा आठवली. रुग्ण मात्र माणसे नव्हेत, समुद्री कासवे आहेत. आपण जरा तिकडे वळू या. पुन्हा घरी यायचेच आहे.

डहाणूचे वेगळे रुग्णालय

तलासरी तालुक्यातील झाईपासून बोर्डी, चिखले, नरपड करीत डहाणूपर्यंत सुरूच्या झाडांनी वेढलेला किनारा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे आणि लाटा समुद्रातील अशक्त, जखमी कासवांना या किनाऱ्यावर आणून टाकतात. त्यांत ऑलिव्ह रिडले असतात, हिरवी कासवे असतात, क्वचित हॉक्सबिलही असते. कुणाच्या पायाला तुटक्या जाळ्याचा फास बसलेला असतो, कुणाच्या पाठीला बोटीचा मार लागलेला असतो, तर कुणी नुसतेच थकून, पाण्यावर तरंगत आलेले असते.

कोकणात वेळासला कासवांच्या जन्माचा सोहळा पाहायला लोक जातात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने तिथे २००२ पासून घरट्यांचे रक्षण सुरू केले. डहाणूच्या वाट्याला मात्र कासवांचे आजारपण आले आहे. पारनाका भागात वनविभागाच्या आवारात कासवांसाठी उपचार केंद्र आहे. वनविभागाच्या बरोबरीने तिथे ‘वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन’ या स्थानिक संस्थेचे स्वयंसेवक राबतात. पशुवैद्य डॉ. दिनेश विन्हेरकर यांनी येथील कासवांवर उपचार केले असून, पाय गमावलेल्या कासवाला कृत्रिम पाय बसवण्याचा प्रयत्नही याच केंद्रात झाला आहे. स्वयंसेवकांचे मुख्य काम मात्र याहून साधे असते : पाणी बदलणे, टाकी घासणे, मासे कापून भरवणे, वजन करणे आणि पाहत राहणे.

पाण्यात ढकलू नका

किनाऱ्यावर कासव दिसले की आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो? ‘बिचारे वाट चुकले, चला, समुद्रात सोडू या.’ चार जण मिळून त्याला लाटांत ढकलतात आणि पुण्य पदरी पडल्याच्या समाधानाने घरी जातात. हेतू निर्मळ असला, तरी कृती घातक ठरते. समुद्री कासव पाण्यात राहत असले, तरी ते आपल्यासारखेच फुप्फुसांनी श्वास घेते. श्वासासाठी त्याला डोके पाण्याबाहेर काढावे लागते. ज्याच्यात तेवढेही बळ उरलेले नाही, ते पाण्यात ढकलल्यावर बुडू शकते. किंवा अधिक खंगून पुन्हा किनाऱ्याला लागते.

म्हणून जाणते स्वयंसेवक त्याला आधी सावलीत घेतात, पाठीवर ओले फडके टाकतात, नाकपुड्या व डोळे मोकळे ठेवतात, भोवतीची गर्दी हटवतात. केंद्रात आल्यावरही एकदम खोल टाकी मिळत नाही. फार अशक्त कासवाला आधी ओलसर फडक्यावर किंवा अगदी उथळ पाण्यात ठेवतात. मान न उचलताही श्वास घेता यावा, एवढेच पाणी. पुढे ते हालचाल करू लागले, अन्न घेऊ लागले, की पाण्याची पातळी थोडी वाढवतात. मग आणखी थोडी. बुडी मारता येते का, तळाशी जाऊन परत वर येता येते का, एका अंगावर कलते का, हे रोज पाहतात. या प्रवासाला कधी काही आठवडे लागतात, कधी अनेक महिने.

येथे दोन चुका संभवतात. पहिली, घाईने खोल पाण्यात लोटण्याची. दुसरी, जिवाच्या भीतीने कायम उथळ पाण्यातच ठेवण्याची. उथळ पाण्यात कासव सुरक्षित असते, परंतु पोहत नाही. आणि न पोहणाऱ्या कासवाचे बळ परत येत नाही. शुश्रूषेचे सारे कसब या दोन चुकांच्या मधल्या वाटेवर आहे.

आता घराकडे

पत्रलेखिका भगिनी, आता आपण आपल्या सासूबाईंच्या खोलीत येऊ. ‘पूर्वीसारख्या कधी होतील’ या प्रश्नात नकळत समुद्राची घाई असते. ‘आई, उठा, चाला, किती दिवस झोपून राहणार?’ असे प्रेमाने म्हटले, तरी ज्यांच्या पायांत अजून बळ नाही, त्यांना ते ढकलल्यासारखेच वाटते. उलट, पुन्हा पडतील या धास्तीने सारे काही अंथरुणावरच दिले, तर पाणी कायमचे उथळ राहते. उतारवयात अंथरुणाला खिळलेल्या शरीराचे स्नायू फार वेगाने झडतात. अवघ्या काही दिवसांची विश्रांती भरून काढायला कित्येक आठवडे लागतात.

म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने रोज बोटभर पाणी वाढवावे. या आठवड्यात पलंगाच्या कडेवर बसून चहा. पुढच्या आठवड्यात वॉकर धरून खिडकीपर्यंत. मग बसल्या बसल्या भाजी निवडणे, मग ओसरीपर्यंत. न्हाणीघरात धरायला दांडी, कोरडी फरशी, रात्री मंद दिवा आणि पायात न घसरणारी चप्पल, ही आपल्या टाकीची भिंत समजा. एखाद्या दिवशी पाणी पुन्हा कमी करावे लागले, ताप आला, चक्कर आली, तर तो पराभव मानू नये. केंद्रातल्या कासवांच्या बाबतीतही पातळी वर-खाली होतच असते.

नोंदवहीचे मोल

कासव बोलत नाही. दुखते कुठे, भूक आहे का, हे ते सांगणार नाही. म्हणून त्याचा सांभाळ करणाऱ्याला नोंदवहीचा आधार असतो : वजन किती, किती मासे दिले, किती उरले, तरंगताना कोणत्या बाजूला कलले. एका दिवसाच्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. पंधरा दिवसांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की त्या बोलू लागतात.

घरातील वृद्ध बोलू शकतात, परंतु पुष्कळदा सांगत नाहीत. ‘उगाच तुम्हाला त्रास’ म्हणून गिळून टाकतात. तेव्हा आपणही एक साधी वही ठेवावी. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्नावाचून शेकडा ५ हून अधिक वजन घटले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. दिवसभरात पाणी किती गेले, तेही लिहावे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे ‘तहान नाही’ या उत्तरावर विसंबू नये. झोप, शौच, जेवणातील बदल टिपावे. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवावी : कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागली, माणसे ओळखेनाशी झाली, तर ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा वा फुप्फुसाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, एखाद्या औषधाचा परिणाम, अशी उपचारयोग्य कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

जे समुद्रात परतत नाहीत

प्रत्येक कासव पूर्ववत होत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, मॅरेथॉन या गावी, १९८६ पासून कासवांचे एक रुग्णालय चालते. बोटीच्या माराने काही कासवांच्या पाठीखाली हवा अडकते आणि त्यांना बुडी मारता येत नाही. त्यांच्या पाठीवर छोटी वजने चिकटवतात, म्हणजे ती समतोल पोहू शकतात. ती समुद्रात परत जाऊ शकत नाहीत. तिथेच राहतात, खातात, पोहतात, वर्षानुवर्षे जगतात. त्यांच्या सेवकांनी ‘बरे होणे’ या शब्दाचा अर्थच बदलून घेतला आहे.

आपल्या सासूबाई कदाचित पुन्हा विहिरीवर जाणार नाहीत, चिकूच्या वाडीत फेरी मारणार नाहीत. परंतु ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतील, नातवाच्या शर्टाचे बटण लावतील. तेवढ्या पाण्यात त्या नीट पोहत असतील, तर ते बरे होणेच आहे.

खोडलेला प्रश्न

आता त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. आपल्या संतसाहित्यात कासवीची उपमा वारंवार येते : ती पिलांना केवळ दृष्टीने पोसते, अशी कल्पना. प्रत्यक्षात समुद्री कासवाची मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिलांकडे ती वळूनही पाहत नाही. पाहण्याचे काम पुढे वेळासचे ग्रामस्थ करतात, डहाणूचे स्वयंसेवक करतात. ती दृष्टी माणसांची आहे, आणि माणसाचे डोळे थकतात. म्हणूनच असे काम कुणी एकटा करीत नाही. पाळ्या लावाव्या लागतात, एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याने वाचावी लागते.

आपल्या घरात पाळ्या कोण लावतो? एका सुनेवर सारे सोपवून इतरांनी ‘ती आहे म्हणून निभावते’ असे कौतुक करणे, ही मदत नव्हे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये ठरवले की, जाळ्यात अडकलेल्या कासवासारख्या संरक्षित जिवाला सोडवण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. दयेची किंमत एकट्या दयाळू माणसाने मोजू नये, हा त्यामागचा विचार. काळजी घेणाऱ्याचेही जाळे रोज थोडे कापले जाते : झोप जाते, स्वतःचे औषध चुकते, माहेरचे कार्य चुकते, नोकरी सुटते. त्याची भरपाई कुटुंबाने करायची असते.

तेव्हा भगिनी, तो प्रश्न पुन्हा लिहा, न खोडता, आणि वहीचे ते पान दिरांना, नणंदेला, यजमानांना वाचायला द्या. मागणी नेमकी असू द्या : आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कुणी सासूबाईंच्या खोलीत झोपायचे, रविवारची दुपार आपली, औषधे आणण्याचे काम अमुक एकाचे. लहानसहान गोष्टीवर डोळे भरून येणे, विनाकारण चिडचिड, झोप न लागणे हे दोन आठवडे टिकले, तर आपल्यासाठीही डॉक्टरांची वेळ घ्यावी. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

ज्येष्ठ वाचकांसाठी थोडेसे

किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांनो, आपल्या डोळ्यांचीही गरज आहे. कासव दिसले तर त्याला ढकलू नका, पाय धरून ओढू नका. लोकांना दूर थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर कळवा. सर्व समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना घरी नेणे हा गुन्हा ठरतो. शक्यतो हातही लावू नये, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि उतारवयात त्यांचा संसर्ग बळावतो. चुकून हात लागलाच, तर साबणाने स्वच्छ धुवावेत. पावसाळी भरतीच्या वेळी वाळूवर एकट्याने उतरू नये. गुडघे साथ देत असतील, तर वाळूवरचे तुटके जाळे, नायलॉनचा तुकडा काठीने उचलून बाजूला टाकावा. एक फास कमी झाला, तरी एक पाय वाचतो.

आणि घरी आपली कुणी सेवा करीत असेल, तर आज संध्याकाळी तिला एवढेच विचारा : ‘तू जेवलीस का?’