नाव तेच, माणसे निराळी

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिणेकडील भागास 'दक्षिण सातारा' म्हणू लागले आणि १९६० साली त्याचेच नाव 'सांगली' झाले. माणसे तीच, कृष्णामाई तीच. पालटले ते केवळ नाव. नाटकमंडळ्यांचा प्रकार नेमका याच्या उलट. तेथे नाव राहते आणि माणसे पालटत जातात. मग मंडळी तीच राहिली असे म्हणावे काय?

नैयायिक या बाबतीत कठोर आहेत. पटातील एक तंतू काढला की तो पट नष्ट होऊन दुसराच पट उत्पन्न झाला, असे ते म्हणतात. हा न्याय किर्लोस्कर मंडळीस लावून पाहू.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पद्ये म्हणण्याचा भार सूत्रधारावर असे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले व पात्रांच्या मुखी त्यांची त्यांची पदे घातली. १८८२ साली 'सौभद्र' आले, भाऊराव कोल्हटकरांचा कंठ लाभला. परंतु १८८५ साली अण्णासाहेबच निवर्तले! मूळ तंतूच तुटला. तरी मंडळी चालली. १८९९ साली तिने हरिपूरच्या देवलांची 'शारदा' केली. १९०१ साली भाऊराव गेले. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मिरजेस 'शाकुंतला'त शकुंतला होऊन उभे राहिले. १९११ साली सांगलीच्या खाडिलकरांचे 'मानापमान' गाजले आणि १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली.

आता सर्व संपले, असे कोणासही वाटले असते. परंतु मागे राहिलेल्यांनी दार लावून घेतले नाही. पुढल्याच वर्षी दीनानाथ मंगेशकर आले. १९१८ साली तेही चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह निघाले आणि बलवंत संगीत मंडळी उभी राहिली. किर्लोस्कर मंडळी पुढे लोपली खरी. तथापि 'सौभद्र' गंधर्व मंडळीतही रंगले आणि बलवंत मंडळीतही. पट फाटला म्हणावे, तर त्याच सुताची आणखी दोन वस्त्रे विणली गेली होती.

हे सारे आज लिहिण्यास कारण घडले आहे. शाळेत असताना मी मुलांची एक गायनमंडळी चालवीत असे. गणेशोत्सवात आमची पदे होत; चाली बहुधा माझ्याच. दरवर्षी थोरली मुले जात, धाकटी येत. त्याचे कधी काही वाटले नाही. पण पेटी वाजविणारा माझा सर्वांत जाणता विद्यार्थी दोन सोबत्यांस घेऊन निघाला आणि त्याने स्वतःची मंडळी काढली, तेव्हा मी त्यास कृतघ्न म्हटले, तेही चारचौघांत. त्यानंतर नवा मुलगा घेण्याचे मी मनावर घेतले नाही. दोन वर्षांत मंडळी मोडली आणि 'याने मोडली' असे मी अकरा वर्षे सांगत आलो.

गेल्या आठवड्यात त्याचे निमंत्रण आले. सोबत कार्यक्रमाचा कागद होता. त्यात माझ्या तीन चाली आणि प्रत्येकीपुढे माझे नाव.

कागद हाती घेऊन बराच वेळ बसलो. मंडळी मोडली ती जाणाऱ्याने नव्हे. येणाऱ्यास दार न उघडणाऱ्याने मोडली, हे उघड दिसले. बालगंधर्व गेल्यावर किर्लोस्कर मंडळीने केले तेवढेही मला साधले नव्हते.

उतारवयात चूक कबूल करणे जड जाते. विशेषतः ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली तांबड्या शाईने रेघा ओढल्या, त्यास. परंतु वाचकांपाशी कबूल केली, आता त्याच्यापाशी करावयाची आहे. येत्या शनिवारी सातारहून सकाळच्या गाडीने सांगलीस निघावे म्हणतो. बसावयास जागा मागेच मिळाली तरी बरे. चाल ओळखू आली म्हणजे झाले.