पिण्याची विहीर म्हणजे टेस्ट सर्व्हर नव्हे

आपल्या धंद्यातला साधा नियम आहे. बग टेस्टिंगमध्ये सापडला तर ते काम, कस्टमरला सापडला तर बोंब. आता हाच नियम जमिनीखालच्या पेट्रोल आणि केमिकलच्या टाक्यांना लावून बघा. टाकी आणि पिण्याची विहीर यांच्यामध्ये टेस्टिंग कोण करतं?

हे फक्त तेलवाल्यांचं पाप नाही बरं का. सिलिकॉन व्हॅली, म्हणजे आयटीवाल्यांची पंढरी, तिथलीच गोष्ट घ्या. १९८१ च्या अखेरीस दक्षिण सॅन होजेमध्ये फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरच्या कारखान्यातली सॉल्व्हंटची टाकी गळतेय हे लक्षात आलं. तोवर ट्रायक्लोरोइथेन जवळच्या पिण्याच्या विहिरीत पोचलंसुद्धा होतं. रहिवाशांना कळलं ते १९८२ मध्ये, पेपरातून. पुढे सरकारी अभ्यासात त्या वस्तीत गर्भपात आणि जन्मजात दोषांचं प्रमाण जास्त आढळलं, पण कारण ही गळतीच, असं काही सिद्ध झालं नाही. गळती नेमकी कधी सुरू झाली, कुणाच्या नळाला किती आलं, याचा लॉगच नव्हता! लॉग नसला की नंतर फक्त वाद उरतात.

त्यानंतर कॅलिफोर्नियाने १९८३ मध्ये टाक्यांसाठी कायदा केला, १९८४ मध्ये अमेरिकेने देशभरासाठी.

तुम्ही म्हणाल, टाकीत गेज असतो की. असतो. पण अमेरिकन नियमात त्याच्या मासिक चाचणीला ताशी ०.२ गॅलन, म्हणजे साधारण पाऊण लिटर गळती पकडता आली की पुरतं. म्हणजे दिवसाला १८ लिटरच्या आतलं पेट्रोल मातीत मुरलं तरी गेज गप्प राहू शकतो. आणि तिथे पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा किती? लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम. हिशोब तुम्हीच करा.

म्हणून टाकीच्या बाहेर बघणारा कुणीतरी हवा. त्यासाठी असतात निरीक्षण विहिरी: जाळीदार चिरा असलेले अरुंद पाइप, भूजलापर्यंत उतरवलेले. एखादी प्रवाहाच्या वरच्या बाजूला, तुलनेसाठी. बाकीच्या खालच्या बाजूला. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून थर दिसतो का ते बघायचं. पण थर दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उशीरच, कारण बेंझीन विरघळून पुढे निघालेलं असतं. तेव्हा नमुना लॅबमध्ये जायलाच हवा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. महाराष्ट्राचा बराच भाग बेसाल्टवर बसलाय आणि त्यात पाणी मुख्यतः भेगांमधून आणि झिजलेल्या थरांमधून फिरतं. चुकीच्या जागी विहीर खणली तर घाण शेजारून निघून जाईल आणि रिपोर्ट येईल 'ऑल ओके'. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, इस्पितळं आणि वस्तीपासून ५० मीटरचं अंतर सांगितलं. चांगलंच आहे. पण जमिनीखालची भेग मीटरपट्टी बघून थांबत नाही. शिवाय जुने पंप आहेत तिथेच आहेत, आणि शेजारच्या सोसायटीचं बोअरवेलसुद्धा.

खर्च कोण करणार? ज्याची टाकी त्याने. गळतीनंतर वर्षानुवर्षं पाणी उपसून साफ करण्यापेक्षा चार पाइप स्वस्तच. आणि आकडे फाइलीत नकोत, उघड्यावर हवेत. कॅलिफोर्नियात 'जिओट्रॅकर' नावाच्या सरकारी साइटवर कुणीही नकाशावर आपली गल्ली शोधून जवळच्या गळक्या टाक्यांचे रिपोर्ट वाचू शकतो. हे बांधणं आपल्या लोकांना अवघड आहे, असं कुणी मला तरी सांगू नये!

तोवर निदान एवढं करा. पंपाच्या शेजारी राहत असाल आणि बोअरचं पाणी वापरत असाल, तर पुढच्या एजीएममध्ये पार्किंगच्या भांडणाआधी पाण्याच्या हायड्रोकार्बन तपासणीचा विषय काढा. आणि कुणी टीडीएस मीटर पुढे केला तर नम्रपणे सांगा, काका, तो क्षार मोजतो, बेंझीन नाही.