बादली चालते, वल्हे चालत नाही

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या बाईला सगळे एकच सांगतात, "त्या हाताला जपा." शेजारीण सांगते, नणंद सांगते, कित्येकदा डॉक्टरही सांगतात. जड उचलू नका, खेळणे-पोहणे तर आता विसराच. आणि दोन महिने उलटत नाहीत तोच, त्याच घरात, त्याच हाताने ओल्या चादरी पिळल्या जातात, कणीक तिंबली जाते, पाण्याची बादली मोरीपर्यंत जाते. तेव्हा 'हाताला जपा' म्हणणारे कुणी आसपास नसते. घरासाठी राबणारा तिचा हात आम्हाला चालतो. तोच हात ती स्वतःसाठी हलवू लागली की आम्हाला धोका दिसतो. याला काळजी म्हणायचे? हा आपमतलबीपणा आहे, आणि तो मी माझ्या नात्यातल्या घरांतही पाहिला आहे.

या भीतीला एक आधार होता, हे मान्य. शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, की हातातला द्रव वाहून नेणारी वाट तुटते आणि हात सुजू शकतो. कधी ही सूज जन्मभर राहते. मग तर्क असा बांधला गेला की कष्टाने हातातले रक्त वाढेल, द्रव वाढेल, सूज येईल. तर्क पटण्यासारखा होता, म्हणून पिढ्यान् पिढ्या तो पडताळून न पाहता बायकांवर लादला गेला.

तो पडताळला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेंझी यांनी १९९६ साली स्तनाचा कर्करोग झालेल्या २४ स्त्रिया जमवल्या. वये ३१ ते ६२. आधी व्यायामशाळेत तयारी, मग ड्रॅगन बोटीवर. ही मूळची चीनची लांब, अरुंद होडी. दोन-दोनच्या रांगांत वीस जणी वल्ही मारतात, पुढे एक जण ढोलावर ताल देते, मागे एक सुकाणू सांभाळते. वल्हे पुढे झुकून पाण्यात खुपसायचे, कंबर वळवून मागे ओढायचे, आणि ढोल थांबेपर्यंत थांबायचे नाही. ज्या हाताला वारंवार जोर देण्याची बंदी होती, त्याच हाताला हेच काम दिले. हंगाम संपला तेव्हा एकीलाही नव्याने सूज आलेली नव्हती, आणि जिला आधीपासून होती तिची वाढली नव्हती. १९९८ साली मॅकेंझींनी हे कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. चोवीस जणींवरून जगाचा नियम ठरत नाही, हे खरे. पण २००९ साली अमेरिकेत, सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

व्हँकुव्हरच्या त्या होडीमागून देशोदेशी होड्या निघाल्या. २०१० साली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. २०१८ साली फ्लॉरेन्सला आर्नो नदीवर शंभराहून अधिक संघ उतरले. या मेळ्यांत शेवटच्या शर्यतीनंतर सगळ्या होड्या एकमेकींना बिलगून उभ्या राहतात आणि गेलेल्या मैत्रिणींसाठी गुलाबी फुले पाण्यात सोडली जातात. मला या सगळ्यात तोच क्षण सर्वांत मोठा वाटतो. वीस जणी बसलेल्या त्या होडीत कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. केस का गेले, ब्लाउज एका बाजूने का लोंबतो, रात्री झोप का लागत नाही, हे शेजारच्या बाकावरचीला ठाऊक असते.

आमच्याकडे तिला हे कुणाजवळ बोलता येते? भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकाचा. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. एवढ्या बायका असूनही गल्लीत एकीला दुसरीचा पत्ता नाही. कारण आम्ही 'स्तन' हा शब्द उच्चारत नाही. 'तिचं ऑपरेशन झालं' म्हणतो आणि विषय बदलतो. मुलीचे लग्न अडेल म्हणून आईचा आजार लपवतो. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि शरीराविषयी स्वच्छ बोलले, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. शंभर वर्षे होत आली, लाज तीच आहे. त्या लाजेपायी बाई गाठ महिनोन् महिने पदराआड ठेवते आणि डॉक्टरकडे पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. या उशिराचा दोष तिच्या अज्ञानावर ढकलू नका. तो तिला लाजायला शिकवणाऱ्या आम्हा सर्वांचा आहे.

कृष्णेवर सांगलीला होड्यांच्या शर्यती लागतात, काठ माणसांनी भरतो. पाणी आमच्याकडे आहे, वल्हीही आहेत. होडीच हवी असेही नाही. मैदान चालेल, तलाव चालेल, सोसायटीची गच्ची चालेल. चार जणी एकत्र यायला हव्यात, आणि त्यांना घराबाहेर पडायला कुणाची परवानगी मागावी लागू नये.

तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नीट विचारा, कोणता व्यायाम, किती, कुणाच्या देखरेखीखाली. तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघींची गाठ घालून द्या. आणि उद्या सकाळपासून ती बादली तुम्ही उचला.