रिश्टर किती ते कळलं, बिल्डिंगचं काय?

ऑफिसात खुर्ची जराशी हलली की पहिला मेसेज ठरलेला, ‘रिश्टर किती रे?’ आकडा कळला की सगळेच तज्ज्ञ! ‘सहाच ना? मग काही विशेष नाही.’ थांबा बॉस, हे दहापैकी मार्क नव्हेत.

चार्ल्स रिश्टरने १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातले भूकंप मोजायला ही पट्टी काढली. यंत्रावरची रेघ दसपट उंच उसळली की आकडा फक्त एकाने वाढतो. ऊर्जा मात्र तब्बल ३२ पट! म्हणजे ५ आणि ७ मधला फरक दोनाचा नाही, हजारपटीचा. पण फार मोठ्या भूकंपांना ही पट्टी पुरेना. म्हणून १९७९ मध्ये ‘मोमेंट मॅग्निट्यूड’ आलं. खडक किती भागात फाटला, किती सरकला आणि किती टणक होता, यावरून ते ठरतं. आपल्या तोंडी ‘रिश्टर’ राहिलं, इतकंच.

अर्थात हा आकडा झाला भूकंपाचा. तुमच्या घराला बसलेल्या धक्क्याचा हिशेब वेगळा. मिरवणुकीतला डीजे आठवा. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा, हे झालं मॅग्निट्यूड. तुमच्या खिडकीची काच किती थरथरली, ती तीव्रता. तिच्यासाठी मर्केली पट्टी, एक ते बारा. डीजे एकच, पण चौकातला फ्लॅट हादरतो आणि पाच गल्ल्या पलीकडचे निवांत झोपतात.

आता हे बघा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी, ६.२. १७ जानेवारी १९९४ ची पहाट, लॉस एंजेलिसमधलं नॉर्थरिज, ६.७. म्हणजे ऊर्जा पाचपटीहून जास्त. दोन्हीकडे माणसं झोपेत. नॉर्थरिजमध्ये बळी शंभराच्या आत, किल्लारी परिसरात हजारो. तिथे दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या.

‘ते खेड्यात हो,’ म्हणाल? २००१ चा भूजचा भूकंप ७.७ चा. केंद्रापासून अहमदाबाद सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. तरी तिथल्या कित्येक अपार्टमेंट्स कोसळल्या. अनेकींच्या खाली पार्किंगसाठी नुसते खांब होते आणि वर मजल्यांचं ओझं. खांबांनीच दगा दिला.

तेव्हा सँपल फ्लॅट बघायला जाल, तेव्हा जिम आणि मॉड्युलर किचनसोबत आणखी एक विचारा, ‘डिझाइन आयएस १८९३ प्रमाणे आहे ना? स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण?’ रिश्टरचा आकडा आपल्या हातात नाही. हा प्रश्न आहे.