पेशी वेगळी मोजली, बाई कोयत्यातच राहिली

नगर जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू गावांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगार बाहेर पडतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ लिहिला जातो. उचल कोयत्याची, हिशेब कोयत्याचा. देह दोन, आजारपणे दोन, आकडा एकच.

विज्ञानाची वाटचाल नेमकी उलट झाली आहे. पूर्वी रक्तातील रोगप्रतिकारक पेशी एकगठ्ठा तपासल्या जात आणि हाती येई ती केवळ सरासरी. कारखान्याच्या अध्यक्षाचे व तोडणी कामगाराचे उत्पन्न एकत्र करून भागावे, तशातली. आता तेलातील सूक्ष्म थेंबात एकेक पेशी अलग करून, तिला स्वतंत्र खूण देऊन, तिच्यातील कोणती जनुके कार्यरत आहेत हे वाचता येते. मानवी पेशींच्या जागतिक नकाशाचे काम २०१६ साली सुरू झाले. आशियातील पाच देशांच्या संशोधकांनी २०२५ साली ६१९ निरोगी व्यक्तींच्या साडेबारा लाखांहून अधिक पेशींचा तपशील प्रसिद्ध केला. भारताकडून बंगालमधील कल्याणीची सरकारी संस्था त्यात होती. वंश, लिंग व वय यांनुसार या पेशींत फरक पडतो, हे त्यातून दिसले. काम मोलाचे आहे, यात शंका नाही.

परंतु वंश मोजला गेला, वर्ग मोजला गेला नाही. ‘निरोगी’ ही अट लागताच फडात राबणारी, रक्तक्षयाने पिवळी पडलेली बाई बाहेर राहते. तंबाखूची धूळ श्वासात घेणारी संगमनेरची विडी कामगारही बाहेर राहते. आणि भुकेचा प्रतिकारशक्तीशी संबंध नाही असे कोण म्हणेल? झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या घरच्यांना पुरेसे धान्य दिले, तेव्हा त्यांच्यातील नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी घटला.

चळवळीतील काही मंडळी विचारतात, जिथे ६ नोव्हेंबर २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ कोरोनारुग्ण दगावले, तिथे पेशींच्या नकाशाचे कौतुक कशाला? संताप रास्त, निष्कर्ष चुकीचा. खाट तेवढी मागायची आणि प्रयोगशाळा भांडवलदारांच्या हवाली करायची, हा कुठला समाजवाद? आजच या कामाच्या पैशाचा एक झरा फेसबुकच्या संस्थापकाच्या संस्थेतून वाहतो, आणि यंत्रांच्या बाजारात कॅलिफोर्नियातील एका कंपनीचा वरचष्मा आहे. पैसा ज्याचा, प्रश्नही त्याचेच.

पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र नगरपासून सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात, जनतेच्या पैशावर उभे आहे. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी मागणी तिथे न्यावी. हंगामापूर्वी व हंगामानंतर तोडणी कामगारांचे रक्त तपासावे, विडी कामगारांचेही. संमतीपत्र मराठीत असावे व ते वाचून दाखवावे. रक्तक्षय वा क्षय आढळल्यास उपचार लगेच सुरू व्हावेत, अहवालाची वाट पाहू नये. अहवाल गावात वाचला जावा. आणि नोंदवहीत नवरा व बायको यांची नावे दोन स्वतंत्र ओळींत लिहावीत.