‘आणि सोबती’ म्हणजे कोण?

दरवर्षी ६ फेब्रुवारीला सार्वत्रिक ख्रिस्तसभा ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ यांचे स्मरण करते. फ्रान्सिस्कन संघाच्या दिनदर्शिकेत त्याच हुतात्म्यांच्या आरंभी संत पीटर बॅप्टिस्ट यांचे नाव येते. ज्याचा संघ, त्याचे नाव पुढे! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर चढवलेले हुतात्मे एकूण २६. त्यांत येशूसंघाचे ३, फ्रान्सिस्कन संघाचे ६ आणि उरलेले १७ प्रापंचिक. संख्येने सर्वांत अधिक असलेले दोन्हीकडे ‘सोबती’च राहिले. आणि या सोबत्यांतच आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत.

पॉल मिकी यांच्या थोरवीला उणेपणा आणण्याचा माझा हेतू मुळीच नाही. क्रूसावरून आपल्या मारेकऱ्यांना क्षमा करणाऱ्या त्या जपानी येशूसंघीयाचे नाव घेताना कोणाचेही मस्तक नमावे. प्रश्न आहे तो आपल्या व्रतस्थ संघांच्या स्मरणपद्धतीचा.

गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र पाहा. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या छायेत ते वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तेथे अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले, जपानी भाषा त्यांनी आत्मसात केली. परंतु संघात प्रवेश मिळण्याची त्यांची आशा फलद्रूप झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला, मनिला गाठले आणि फ्रान्सिस्कन संघात ‘ब्रदर’ म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली पीटर बॅप्टिस्ट जपानला निघाले तेव्हा दुभाष्या म्हणून हेच ब्रदर त्यांच्यासोबत होते. वकिलातीचा प्रमुख बोलत असे खरा, पण समोरच्याला कळत असे ते गोन्सालोंच्या तोंडून! १८६२ साली नवव्या पायस पोपनी सव्वीसही जणांना संतपद दिले. संतपदाला धर्मगुरू आणि ब्रदर हा भेद ठाऊक नसतो. तो आपल्या स्मरणिकांना ठाऊक असतो.

मी जांभूळ गावाच्या कडेला राहतो. अंबरनाथहून लोकल धरली की ठाणे तासाभराच्या आत येते. त्या ठाण्यात एप्रिल १३२१ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी, चार फ्रान्सिस्कनांनी रक्त सांडले: टॉलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रियस. हे डेमेट्रियसही ब्रदरच, आणि तेही दुभाषे. त्यांना घरात आसरा दिला होता तो ठाण्यातल्याच एका पौर्वात्य ख्रिस्ती कुटुंबाने. त्या कुटुंबाचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. २०२१ साली या घटनेला ७०० वर्षे झाली. कोरोनाचे दिवस होते, मिरवणुका निघणे शक्य नव्हते, हे मान्य. पण त्याआधीची आणि त्यानंतरची वर्षे? वाचकहो, आपल्या घरातल्या मुलाला ही चार नावे विचारून पाहा.

याच प्रसंगातले एक दृश्य मला फार मोलाचे वाटते. या हुतात्म्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन मातीस दिले ते जॉर्डेनस यांनी, आणि ते होते डॉमिनिकन. कोणत्या संघाचा माणूस पडला हे त्यांनी विचारले नाही. पुढे फ्रान्सिस्कन ओडोरिक आले आणि ते अवशेष घेऊन थेट चीनला गेले. आपल्या माणसांची हाडे इतक्या दूर वाहून नेण्याची ही निष्ठा वंदनीयच. पण ठाण्याच्या भूमीशी त्या हुतात्म्यांचे नाते तेथून सैल झाले असे म्हणावेसे वाटते.

कोणी म्हणेल, संघाने आपल्या पूर्वजांचे गुणगान करू नये काय? अवश्य करावे. घराण्याने कुळाचार पाळावाच. मात्र ज्या धर्मग्रामांच्या वर्गणीवर हे सोहळे उभे राहतात त्यांच्या हाती शेवटी काय पडते? एक गुळगुळीत स्मरणिका, तीत वरिष्ठांची छायाचित्रे, इमारतींच्या पायाभरणीच्या तारखा, मान्यवरांचे संदेश. वसतिगृहाचा स्वयंपाक सांभाळणारा, सुतारशाळेत पोरांच्या हाती रंधा देणारा, वाडीवस्तीवर लोकांच्या बोलीत बोलणारा ब्रदर शोधायचा असेल तर समूहचित्राची शेवटची रांग पाहावी लागते. खाली लिहिलेले असते: ‘इतर सदस्य’. गोन्सालो आज असते तर त्याच रांगेत उभे असते आणि त्यांच्या डोक्याचा अर्धा भाग पुढच्या माणसाच्या खांद्याआड गेला असता.

पुढील महोत्सवाची स्मरणिका जे संपादक हाती घेतील त्यांना एवढीच विनंती: ती जुनी समूहचित्रे घेऊन आपल्या वृद्धाश्रमांतल्या फादरांकडे, सिस्टरांकडे आणि शाळेच्या जुन्या शिपायांकडे जा. शेवटच्या रांगेतली नावे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांतली बरीच नव्वदीकडे झुकली आहेत, तेव्हा हे काम पावसाळ्यानंतर करू म्हणून ठेवू नका.