परदेशांतील विद्या आणि भामरागडचा अर्जदार

समुद्र ओलांडल्यानें जात जाते कीं राहते, हा वाद महाराष्ट्रानें एके काळीं मोठ्या हिरीरीनें घातला. तो वाद आतां संपला आहे. पुण्यामुंबईच्या सुखवस्तु घरांतील मुलेंमुली दरसाल विलायतेस वा अमेरिकेस जातात, आणि शेजारीपाजारी त्यांचें कौतुक करून मोकळे होतात. परंतु एक बंदी उठली म्हणून सर्व बंद्या उठल्या असें मानण्याचें कारण नाहीं. पूर्वीं जो अडसर शास्त्र्यांच्या हातीं होता, तो आतां कागदाच्या हातीं गेला आहे. आणि कागदाचा हा अडसर कोणावर किती जड पडतो हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडाकडे दृष्टि वळवावी. तेथील एखाद्या माडिया पदवीधरानें परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठीं अर्ज करण्याचें मनांत आणलें, तर त्याच्या वाटेंत काय काय येतें, आणि त्यांपैकीं निसर्गानें घातलेलें किती व सरकारनें घातलेलें किती, याचा हिशेब आज आम्हांस मांडावयाचा आहे.

प्रथम सरकारनें दिलें काय तें पाहूं. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीं केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेशी शिष्यवृत्ति आहे. तिच्या जागा साऱ्या देशासाठीं दरसाल २०. त्यांतील १७ जागा सर्वसाधारण अनुसूचित जमातींच्या आणि ३ आदिम जमातींच्या. सरकारदप्तरीं आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती ७५ आहेत. महाराष्ट्रांत त्या तीन, म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. वाचकांनींच त्रैराशिक मांडावें. प्रत्येक जमातीस पाळीपाळीनें एक जागा द्यावयाची म्हटली, तरी एकदां पाळी आलेल्या जमातीस पुनः पाळी येण्यास पंचवीस वर्षें लागतील. राज्य सरकारच्या आदिवासी विकास विभागाचीही स्वतंत्र शिष्यवृत्ति आहे, व ती असणें ही चांगली गोष्ट आहे. परंतु दार आहे एवढें सांगून भागत नाहीं. दारापर्यंत वाट आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें.

या वाटेवरील पहिला खड्डा वेळापत्रकाचा आहे. पाश्चात्य विद्यापीठांचें वर्ष बहुधा सप्टेंबरांत सुरू होतें, आणि त्यासाठींचे अर्ज बहुतेक ठिकाणीं आदल्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत घेतले जातात. प्रवेश मिळाल्यावर जागा राखण्यासाठीं कित्येक ठिकाणीं अनामत भरावी लागते. व्हिसासाठीं खर्चाची सोय असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. आपल्याकडील शिष्यवृत्तीचे अर्ज मात्र बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्यांत मागविले जातात, आणि अर्जासोबत विनाअट प्रवेशपत्र जोडण्यास सांगितलें जातें. विद्यापीठ म्हणतें, आधीं पैसा दाखव. सरकार म्हणतें, आधीं प्रवेश दाखव. ज्याच्या बापाची बँकेंत ठेव आहे, त्यास ही कोंडी जाणवतही नाहीं. ज्याच्या घरीं मोहफूल, तेंदूपान आणि पावसावरील धान हेंच उत्पन्न आहे, त्यास मात्र या दोन वाक्यांच्या फटींतच आपली आशा पुरावी लागते. आणि पावसाळा म्हणजे पर्लकोटेस पूर येण्याचे दिवस. पूर आला कीं भामरागडचा बाकीच्या जगाशीं संबंध तुटतो. २०१९ सालीं तर गांवांतच पाणी शिरलें होतें. मुंबईच्या कचेरीनें काढलेल्या जाहिरातीस पंधरा दिवसांची मुदत असावी, आणि त्यांतील आठ दिवस रस्ता व वीज दोन्ही बंद असावीं, तर ती मुदत सर्वांस सारखीच होती असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

दुसरा खड्डा कागदपत्रांचा. वकिलीच्या धंद्यांत कागदाचें महत्त्व आम्ही जाणतों. पुराव्यावांचून हक्क सिद्ध होत नाहीं हेंही खरें. परंतु पुरावा मागणाऱ्यानें तो मागण्याजोगा आहे कीं नाहीं याचाही विचार केला पाहिजे. महाराष्ट्रांत अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठीं ६ सप्टेंबर १९५० ही तारीख प्रमाण धरली जाते, व त्यापूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो १९७३ सालीं, आणि त्याची शाळा १९७६ सालीं. ज्या प्रदेशांत शाळा इतक्या उशिरां पोहोंचली, तेथील आजोबापणजोबांच्या नांवें १९५० पूर्वींचा शाळेचा दाखला कोठून आणावयाचा? पुढें जन्मतारीख. ती पुष्कळदां शाळेंत नांव घालणाऱ्या मास्तरांनींच ठरविलेली. म्हणून वर्गांत अर्ध्याअधिक मुलांचा जन्म १ जूनचा! आडनांव एका दाखल्यावर एक तऱ्हेनें, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनें लिहिलेलें. येथील तहसील कचेरींत एक अक्षर इकडचें तिकडे झालें तर कारकून समजून घेईल. पारपत्राच्या आणि व्हिसाच्या कचेरींत तेंच अक्षर एका माणसाचीं दोन माणसें करतें. तें सुधारून घेण्यासाठीं गडचिरोलीस जावयाचें म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास, आणि नागपुरास जावयाचें म्हणजे तीनशेंहून अधिक. एका खेपेंत काम झालें असें सहसा घडत नाहीं.

तिसरी गोष्ट भाषेची आणि ओळखीची. माडिया मुलाची मातृभाषा माडिया; शाळेची भाषा मराठी; अर्जाची भाषा इंग्रजी. तिसऱ्या भाषेंत आपलें आयुष्य आणि आपला अभ्यासाचा हेतु दोन पृष्ठांत लिहून दाखवावयाचा, आणि त्या भाषेची जी परीक्षा द्यावयाची तिची नुसती फी पंधरा हजार रुपयांहून अधिक. निकाल दोन वर्षांत शिळा होतो. म्हणजे शिष्यवृत्ति हुकली तर परीक्षाही पुनः द्या. शिवाय दोनतीन प्राध्यापकांचीं शिफारसपत्रें पाहिजेत. जेथें प्राध्यापक तासिका तत्त्वावर नेमले जातात आणि वर्ष संपतांच बदलतात, तेथें विद्यार्थ्यास नांवानें ओळखणारा प्राध्यापक शोधावा कोठें? मोठ्या शहरांत हीं सर्व कामें पैसे घेऊन करून देणाऱ्यांच्या पेढ्या आहेत. तेथील विद्यार्थ्याची हुशारी अधिक आहे असें नव्हे. त्याच्या अर्जामागें चार जाणत्यांचे हात आहेत, आणि भामरागडच्या अर्जामागें एकच.

येथें एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस पोहोंचल्या, तेव्हां त्यांनीं पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांस पत्र लिहून प्रवेश मागितला. शिक्षण तुटपुंजें आहे हें त्यांनीं लपविलें नाहीं. पत्र वाचणाऱ्या बाईनें त्या तुटपुंजेपणामागची जिद्द ओळखली, आणि १८८६ सालीं आनंदीबाई एम. डी. झाल्या. त्या अर्जास आजच्या चाळणींत घातलें असतें, तर तो पहिल्याच जाळींत अडकला असता. आजचा अर्ज वाचणारा पुष्कळदां माणूस नसतो, रकाना असतो; आणि विद्यापीठाचा जागतिक क्रम, वार्षिक उत्पन्न, वयाची मर्यादा व टक्के एवढेंच तो रकाना पाहतो.

यावर कोणी म्हणेल कीं, गडचिरोलीचीं मुलें परदेशीं जात नाहींत असें कोठें आहे? सुरजागडची लोहखाण चालविणाऱ्या कंपनीच्या खर्चानें अलीकडे जिल्ह्यांतील कांहीं विद्यार्थी ऑस्ट्रेलियांतील कर्टिन विद्यापीठांत खाणविद्या शिकावयास गेले आहेत. गेले हें उत्तम झालें. त्या मुलामुलींचें आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतों. परंतु यांतील भेद वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. कंपनी ज्यास पाठविते, तो कंपनीस जें लागतें तें शिकतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. पैसा तिचा, निवड तिची. परंतु ज्यास कायदा शिकावयाचा आहे, भाषाशास्त्र शिकावयाचें आहे, किंवा जंगलाचा आणि खाणीचा हिशेब गांवाच्या बाजूनें तपासावयाचा आहे, त्यानें कोणाच्या दारीं जावें? त्याचें दार सरकारचेंच असलें पाहिजे. दान देणारा विषय ठरवितो. हक्क असला म्हणजे विषय विद्यार्थी ठरवितो. २०२२ सालीं केंद्र सरकारनें अनुसूचित जातींच्या परदेशी शिष्यवृत्तींतून भारतीय संस्कृति, इतिहास व भारतासंबंधींचे सामाजिक अभ्यास वगळले. तो नियम जमातींच्या योजनेचा नव्हता. परंतु गरिबाच्या मुलानें काय शिकावें हें त्याला न विचारतां ठरविण्याची जी वृत्ति त्यांत दिसली, ती आम्हांस घातक वाटते.

ती घातक कां, हें माडियांच्याच उदाहरणानें स्पष्ट होतें. १९३८ सालीं डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन या इंग्रज अधिकाऱ्याचा बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथ निघाला; १९४३ सालीं व्हेरियर एल्विन यांचा माडियांतील खून व आत्महत्या यांविषयींचा ग्रंथ आला. दोघेही परदेशांत शिकलेले, आणि दोघेही परके. इंद्रावतीच्या पलीकडील या समाजाविषयीं जगाच्या ग्रंथालयांत जें लिहिलें आहे, तें मुख्यतः इतरांनीं पाहून लिहिलेलें आहे. त्या ग्रंथांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु गोटुल म्हणजे काय, जंगलावरचा हक्क म्हणजे काय, हें त्या घरांत जन्मलेल्या मुलीनें त्याच विद्यापीठांत बसून, त्याच शास्त्राच्या कसोटीनें लिहावें, ही गोष्ट राष्ट्राच्या स्वाभिमानाची आहे. ज्याविषयीं इतरांनीं बोलावें असा समाज, आणि जो स्वतः बोलतो असा समाज, यांत साक्षीदार आणि आरोपी यांइतकें अंतर आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं, तेथें प्राथमिक शाळाच धड चालत नाहींत, मग परदेशाच्या गोष्टी कशाला? हा युक्तिवाद दिसतो शहाणपणाचा, परंतु त्याचा अर्थ इतकाच होतो कीं, पाया पुरा होईपर्यंत कळसाचें नांव काढूं नये. आणि पाया तर पिढ्यान्‌पिढ्या पुरा होत नाहीं. गांवची एक मुलगी परदेशांतून पदवी घेऊन आली, तर तिच्या मागोमाग शाळेंत बसणाऱ्या मुलांची संख्या कोणत्याही परिपत्रकानें वाढणार नाहीं इतकी वाढेल. दुसरा आक्षेप योग्यतेचा. त्यास उत्तर छोटा नागपुरच्या जयपालसिंग मुंडा यांनीं कधींच दिलें आहे: ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजांत ते शिकले, १९२८ सालीं भारतीय हॉकी संघाचे नायक झाले, आणि पुढें घटनासमितींत आदिवासींची बाजू त्यांनीं मांडली. तिसरा आक्षेप असा कीं, गेलेले परत येत नाहींत. कांहीं येणार नाहींत हें खरें. परंतु हा प्रश्न मुंबईच्या धनिकाच्या मुलास कोणी विचारीत नाहीं. तो फक्त सरकारी पैशावर जाणाऱ्या गरिबास विचारला जातो, हें आम्ही विसरूं शकत नाहीं.

वेळेवर न मिळालेली मदत किती महाग पडते, याचें पूर्वोदाहरणही घरचेंच आहे. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९१६ सालीं लंडनला आले. आणि १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. १९२० सालीं पैसे जमवून ते पुनः गेले व १९२३ सालीं डी. एस्‌सी. झाले. त्यांच्यासारख्या पुरुषानें मधलीं तीन वर्षें भरून काढलीं. सामान्य विद्यार्थ्याचीं तीन वर्षें गेलीं म्हणजे विद्याच गेली. आणि २०२५ सालीं काय घडलें? अनुसूचित जातींच्या केंद्रीय शिष्यवृत्तीसाठीं १०६ विद्यार्थी निवडले गेले. त्यांपैकीं प्रथम ४० जणांसच मंजुरीपत्रें मिळालीं, आणि उरलेल्या ६६ जणांस निधि उपलब्ध झाला तर पाहूं, असें सांगण्यांत आलें. संस्थानिकाच्या खजिन्यास मर्यादा होती हें समजतें. प्रजासत्ताकाच्या तिजोरींत ६६ विद्यार्थ्यांपुरता पैसा ऐन वेळीं निघूं नये, हें समजत नाहीं.

तेव्हां आमचें मागणें थोडें आणि स्पष्ट आहे. शिष्यवृत्तीची निवड आदल्या हिवाळ्यांत व्हावी, आणि निवडलेल्यास, प्रवेश मिळाल्यास सरकार खर्च देईल असें हमीपत्र द्यावें. म्हणजे विद्यापीठ आणि सरकार यांमधील कोंडी एका कागदानें फुटेल. भाषेची परीक्षा, विद्यापीठांच्या अर्जाची फी, पारपत्र व प्रवास यांचा खर्च भामरागडच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीनें आधीं द्यावा; मागाहून पावत्या पाहून परत करण्याची पद्धत ज्याच्या खिशांत आधींच पैसे आहेत त्याच्याच सोयीची आहे. त्याच कचेरींत आणि २०११ सालीं स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठांत या कामासाठींच नेमलेला एकेक जाणता मनुष्य असावा, जो पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्याचे कागद तयार करवील. पुरानें वाट बंद झाली असेल तेथें मुदत आपोआप वाढावी. आणि आदिम जमातींच्या तीन जागा पुरेशा वाढवाव्या, व कोणत्याही विषयावर बंदी नसावी.

यांत एकही गोष्ट अशी नाहीं कीं जिच्यासाठीं नवा कायदा लागेल. सुरजागडच्या डोंगरांतून लोखंड बाहेर काढावयाचें ठरलें, तेव्हां रस्ते, परवाने आणि बंदोबस्त हें सर्व झपाट्यानें उभें राहिलें. त्याच प्रदेशांतील बुद्धिमान तरुणास बाहेर पडून विद्या मिळविण्यासाठीं एक वेळेवरचें पत्र आणि एक जाणता कारकून सरकारास देतां येऊं नये, असें आम्हांस वाटत नाहीं. देतां येतें, द्यावयाचें मनांत आणलें पाहिजे. पुढील अर्जांची मुदत येण्यापूर्वीं तें मनांत आणलें जावें, अशी आमची आदिवासी विकास खात्यास आणि जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींस आग्रहाची सूचना आहे.